फॉरमॅट मारण्याआधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० वरचा हात काढून घेतला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. थांबले ते दर महिन्याला येणारे सुरक्षेचे अपडेट. पण पडद्यावर झळकणाऱ्या ‘सपोर्ट संपला’ या सूचनेने एका जुन्या बाजाराला नवा हंगाम मिळाला. ‘विंडोज ११ प्रो, ओरिजिनल, लाइफटाइम’ अशी तीन-चारशे रुपयांची की विकणाऱ्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागल्या आणि ‘आणा इकडे, अकरा टाकून देतो’ म्हणणारेही भेटू लागले.

हा बाजार कसा चालतो ते पाहायला जुन्नर तालुक्यातल्या येडगावचा परिसर चांगला आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक इथे आहे. कुकडीचा डावा कालवा इथूनच निघून पार करमाळ्याकडे जातो. पाण्यापाठोपाठ ऊस, द्राक्ष आणि टोमॅटो आले, पैसा आला, मग कॉम्प्युटरही आला. शेजारच्या नारायणगावात टोमॅटोच्या व्यापाऱ्याचा हिशेब टॅलीत, पतसंस्थेचे खाते सॉफ्टवेअरमध्ये, सातबाराची प्रिंट सेवा केंद्रात, लग्नाचा अल्बम फोटोशॉपमध्ये आणि पत्रिका कोरलमध्ये. घरात मुलांसाठी एखादा लॅपटॉप, तोही पुष्कळदा पुण्याहून आणलेला ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे कुठल्यातरी कंपनीने तीन-चार वर्षे वापरून सोडलेला.

या यंत्रांवर पैसा खर्च होतो, पण भलत्या ठिकाणी. जे आधीच विकत घेतलेले असते किंवा मुळातच फुकट असते, त्याचे लोक पैसे मोजतात. आणि ज्याला खरे मोल आहे, त्या दुरुस्ती करणाऱ्याच्या तासाभराच्या डोकेफोडीला मात्र ‘त्यात काय एवढं केलं’ म्हणत शंभराची नोट पुढे होते. मग तोही डोके न फोडता सगळ्यात सोपे काम करतो. फॉरमॅट मारतो.

आधी त्या तीनशेच्या कीचे पाहू. विंडोज ११ होमचा अधिकृत दर दहा हजार रुपयांच्या आगेमागे आहे. तीच वस्तू तीनशेला मिळत असेल तर ती सवलत नसते, वस्तूच निराळी असते. ही की बहुधा एखाद्या कंपनीला शेकडो यंत्रांसाठी दिलेल्या परवान्यातून बाहेर आलेली असते, किंवा मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरवरून उतरवलेली, किंवा विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेतून पळवलेली. ती चालते, हे खरेच आहे. घेतल्या दिवशी नक्की चालते. पुढे कधीतरी मायक्रोसॉफ्टने ती बाद केली की पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही पुसट अक्षरे उमटतात, आणि तोवर विकणाऱ्याने दुकानाचे नाव बदललेले असते.

त्याहून स्वस्त म्हणजे क्रॅक. मोठ्या कंपन्यांसाठी मायक्रोसॉफ्टनेच एक सोय केली आहे: प्रत्येक कॉम्प्युटर कंपनीच्या सर्व्हरकडे हजेरी लावतो आणि त्याला १८० दिवसांची मुदत मिळते. बरेचसे क्रॅक या सर्व्हरचे सोंग घेतात. ते सोंग उघडे पडू नये म्हणून पहिली सूचना येते ती अँटिव्हायरस बंद करण्याची. अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम चालवण्यासाठी आपणच आधी पहारेकऱ्याला सुट्टी द्यायची. एवढ्या एका वाक्यावर कुणी थबकायला हवे, पण कुणी थबकत नाही.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपची की खालच्या चिकटपट्टीवर छापलेली नसते. ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. पुन्हा विंडोज टाकले की ते ही की स्वतः वाचून घेते. कितीही वेळा फॉरमॅट मारला तरी परवाना जात नाही. अट एवढीच, की जे आले होते तेच पुन्हा टाकायचे. लॅपटॉप आलेला असतो ‘होम’ घेऊन. दुकानातल्या पेन ड्राइव्हमध्ये असते ‘प्रो’, कारण सगळ्यांना तेच टाकायचा रिवाज. होमची की प्रोला लागू पडत नाही, म्हणून मग क्रॅक. स्वतःच्या नावावरचे घर कुलूपबंद ठेवून दुसऱ्याच्या घरात चोरून राहण्यासारखे हे आहे, आणि मालकाला याचा पत्ताच नसतो. लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे त्याने कधीच मोजलेले असतात.

आपल्या यंत्रावर नेमके काय आहे ते विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग ॲक्टिव्हेशन इथे दिसते. मुलाला फोनवर विचारून करायचे असेल तर असे: विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबायचे, चौकटीत एस-एल-एम-जी-आर लिहायचे, एक जागा सोडून स्लॅश आणि लगेच डी-एल-आय, मग एंटर. जी खिडकी उघडते तिच्यात ‘ओईएम’ किंवा ‘रिटेल’ दिसले तर ठीक. घरगुती लॅपटॉपवर ‘व्हॉल्यूम’ दिसले तर परवाना बहुधा दुसऱ्या कुणाचा आहे. डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर लिहिले तर मुदत कळते. जुना लॅपटॉप घेताना लोक बॅटरी बघतात, बिजागरी हलवून बघतात, कीबोर्डची बटणे दाबून बघतात. पैसे देण्याआधी हेही बघावे.

अस्सल विंडोज १० असेल आणि यंत्र अटींत बसत असेल, तर ११ फुकट मिळते. यंत्राला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ याचे उत्तर मिनिटात देते. यंत्र बसत नसेल तर विंडोज १० लाच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळवायची वाट आहे. त्यासाठी तीस डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून सेटिंग्जचा बॅकअप चालू करा, की तेच अपडेट फुकट. खुद्द विंडोजची फाइलही कंपनी आपल्या साइटवरून फुकट उतरवू देते. मग तीनशे रुपये नेमके कशाचे?

विद्यार्थ्यांची गोष्ट याहून सोपी, पण तिथेही क्रॅकचीच सवय. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या मुलाला ऑटोकॅड लागते, आणि ऑटोडेस्क ते विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी विनामूल्य देते. विद्यार्थी असल्याची खातरजमा दरवर्षी करून घ्यायची, एवढेच. टॅली शिकणाऱ्या कॉमर्सच्या मुलाला टॅलीचा शैक्षणिक प्रकार फुकट वापरता येतो. त्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी होतात, पण शिकायला तेवढ्या तारखा पुरतात. नव्या लॅपटॉपबरोबर पुष्कळदा ऑफिसचा कायमचा परवानाही आलेला असतो. तो ठरावीक मुदतीत आपल्या खात्यावर उतरवून घ्यावा लागतो. न घेतल्याने वाया जातो आणि वर्षभराने त्याच लॅपटॉपवर क्रॅक ऑफिस बसते.

क्रॅकची किंमत कधी आणि कशी वसूल होते, याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखले जाणारे रॅन्समवेअर. २०१८ पासून ते फिरते आहे. ते बँकांच्या मागे लागत नाही. क्रॅक आणि की बनवणारे प्रोग्रॅम उतरवणाऱ्या घरगुती माणसालाच ते गाठते. फोटो, हिशेब, प्रोजेक्ट, सगळ्या फायलींना कुलूप लागते आणि एका चिठ्ठीत ९८० डॉलर मागितले जातात. ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे. सवलत इथेही आहेच! एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या बऱ्याच जुन्या प्रकारांचे कुलूप उघडणारे साधन फुकट दिले; नंतरच्या प्रकारांपुढे मात्र तेही बहुतेक वेळा हतबल ठरते. लग्नसराईचे चार महिने ज्या हार्ड डिस्कवर साठवलेले आहेत, त्या फोटो स्टुडिओने याचा विचार करावा. वधूवरांना पुन्हा मांडवात उभे करता येत नाही.

अस्सल सॉफ्टवेअर घेतले की सगळे संकट टळले, असेही नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला, तेव्हा उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. तो हल्ला पसरला होता युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका अधिकृत सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणून बॅकअप हवाच, आणि तो कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवर नको. टॅलीचा डेटा आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घेऊन तो पेन ड्राइव्ह घरी नेला, तर व्यापाऱ्याचे निम्मे काम झाले.

कायद्याचेही थोडक्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून चोरीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. येडगावातल्या बारावीच्या मुलाला धरायला कुणी येणार नाही. धंदा करणाऱ्या डीटीपीवाल्याने मात्र हे कलम वाचून ठेवलेले बरे.

आता दुरुस्ती. कॉम्प्युटर ‘गेला’ म्हणून दुकानात येतो, तेव्हा पुष्कळदा बिघाड फार किरकोळ असतो. खेड्यातले नेहमीचे उदाहरण घड्याळाचे. वीज सतत जाते-येते, डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल पाच-सहा वर्षांनी संपतो आणि यंत्र चालू करताच तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षात जाते. मग सरकारी पोर्टल उघडत नाही, बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते, कारण प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि या कॉम्प्युटरच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. माणूस नेटवाल्याशी भांडतो, मग ब्राउझर काढून पुन्हा टाकतो, शेवटी फॉरमॅट मारून घेतो. फॉरमॅटनंतर दुकानदार तारीख नीट लावतो म्हणून सगळे चालते, आणि सगळ्यांची खात्री पटते की व्हायरसच होता. सीआर २०३२ हा सेल चाळीस-पन्नास रुपयांना मिळतो.

दुसरे, ‘स्लो झालाय’. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांना टेकलेला आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर कुठलेही ‘पीसी क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ उपयोगाचे नाही. काही हजारांची एसएसडी बसवली की तेच यंत्र ओळखू येत नाही. त्याच खिडकीतल्या स्टार्टअप या भागात नको ते दहा प्रोग्रॅम बंद करणे तर फुकटच. क्लीनर विकत घेण्याची गरज मात्र कधीच नसते, हे बिनदिक्कत सांगता येईल.

तिसरे, दोन अँटिव्हायरस. एक दुकानदाराने टाकलेला, एक लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपलेला. दोघे एकमेकांच्या पायात येतात. मुदत संपलेला काढून टाकला, दुसराही काढला, तरी विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो आणि घरगुती वापराला तो पुरतो. ज्याला विकतचाच हवा त्याने घ्यावा, पण पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर बघून नव्हे. दुसऱ्या वर्षी आपोआप किती कापले जातील ते वाचून.

अँटिव्हायरसचा विषय निघाला की क्विक हीलचे नाव येणारच. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले, पुढे पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान चालवू लागले. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुन:पुन्हा व्हायरसनेच बिघडलेली दिसू लागली, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्याचे उत्पादन झाले, २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. या गोष्टीतले यश सगळे सांगतात; त्यातला दुरुस्तीचा टेबल मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. बिघाड कुठून येतो याचा शोध घेणारा माणूस त्या टेबलामागे बसला होता. येणाऱ्या प्रत्येक यंत्राला त्याने नुसता फॉरमॅटच मारला असता, तर शोधण्यासारखे काही उरलेच नसते.

हल्ली फॉरमॅटमध्ये आणखी एक खड्डा आहे. विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला बहुधा आपोआप कुलूप लागते, बिटलॉकरच्या जातीचे. यंत्रात मोठा फेरबदल झाला की ते ४८ आकडी की मागते. ती की असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, आणि ते खाते खरेदीच्या दिवशी घाईघाईत दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेले असू शकते. असे असेल तर फोटो गेले. कुठलाच जादूगार ते परत आणत नाही. लॅपटॉप घरी येताच खाते आपल्या नावाचे आहे का, हे पाहावे. आणि अडचण आलीच तर फॉरमॅटच्या आधी सेटिंग्जमधले ‘रिसेट धिस पीसी’ करावे. त्यात आपल्या फायली ठेवून फक्त विंडोज नव्याने बसवायचा पर्याय आहे.

येडगावापासून फार लांब नाही, खोडदला जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. या सगळ्या डिशचे संकेत एकत्र आणण्याचे काम एका टप्प्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी खास घडवलेल्या यंत्रांकडून काढून बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरांच्या जुळणीवर आणले. त्या जुळणीवर लिनक्स होते. २०१० मध्ये त्यांनी ते काम प्रसिद्धही केले. ज्या शिवारात क्रॅक विंडोजवर सातबारा निघतो, त्याच शिवारात फुकटच्या आणि कायदेशीर सॉफ्टवेअरवर दूरच्या ताऱ्यांचा हिशेब चालतो.

म्हणून उद्या सगळ्यांनी लिनक्स टाकावे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. टॅली विंडोजवर चालते. बोटांचे ठसे घेणारी यंत्रे, डिजिटल सहीची टोकने, यांची सोय मुख्यतः विंडोजसाठीच केलेली असते, आणि सेवा केंद्र चालवणाऱ्याला ते टाळता येत नाही. इथे दोष वापरणाऱ्याचा नाही. सरकारने लोकांना ज्या कामांसाठी कॉम्प्युटरपुढे बसवले, ती कामे कुठल्याही यंत्रावरून व्हावीत हे पाहणे सरकारचे काम होते. पण घरातला दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप, जो ११ ला बसत नाही आणि ज्यावर मुले व्हिडिओ बघतात, पत्र टाइप करतात, त्याला लिनक्स मिंट आणि लिबर ऑफिस पुरते. लिबर ऑफिस मराठीतूनही चालते. खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन भरते, शाळांच्या सहली येतात. तिथे एका टेबलावर ‘जुना लॅपटॉप आणा, लिनक्स बसवून न्या’ अशी पाटी लागली, तर दुर्बीण बघायला आलेली मुले त्याही टेबलाशी रेंगाळतील.

मराठी टायपिंगच्या शोधात तर रोज कुणीतरी फसतो. गूगलने विंडोजसाठीचे आपले इनपुट टूल काढून घेतले, तरी लोक ते अजून शोधतात आणि भलत्याच साइटवरून भलतेच काहीतरी उतरवतात. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड २०१९ पासून विंडोज १० मध्येच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की तो मिळतो. पत्रिका छापणाऱ्यांचे दुखणे वेगळे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत केलेले काम त्या फॉन्टाबरोबरच जगते. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जुन्या फायली आत्ताच, यंत्र चालू आहे तोवर, युनिकोडमध्ये बदलून ठेवाव्यात.

पडद्यावर भोंगा वाजवत ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असे येते, त्याला मात्र कुठल्याच दुरुस्तीची गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. यंत्र सरळ बंद करावे. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

उरला तो दुरुस्तीवाला. तासभर बसून, बिघाड शोधून, डेटा न पुसता यंत्र चालू करून देणाऱ्याला पाचशे रुपये मागायचा हक्क आहे आणि गिऱ्हाइकाला त्या पाचशेचे बिल मागायचा. बिलावर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: काय बिघडले होते, कोणता भाग बदलला, विंडोज टाकले असेल तर होम की प्रो आणि कोणत्या परवान्याचे, आणि मायक्रोसॉफ्टचे खाते कुणाच्या ईमेलवर आहे. पंप भरून देणारा मोटर रिवाइंडिंगवाला तांब्याच्या तारेचे वजन लिहून देतो, आणि तेवढे बघितल्याशिवाय जुन्नरचा शेतकरी त्याला पैसे देत नाही.